गालाला लावलेली सळई

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी सरळ उठून जातो. आजही तसाच आहे. हे लिहितोय ते फक्त अशासाठी, की यात चूक माझी होती.

जानेफळजवळ आमचं युनिट आहे. कापूस संपल्यावर शेतात उरलेली पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची झाडं, आम्ही घेतो आणि तिची बारीक कुट्टी करतो. मी तिथे सुपरवायझर. ही कुट्टी ट्रकने दूर समुद्रकाठच्या एका बंदरावर जाते. तिथला बॉयलर कोळसा, भुसा, कुट्टी... मिळेल ते खातो आणि बंदराला वीज पुरवतो.

ओल्या कुट्टीची गंजी आतून तापते, कधी पेटतेही. त्यावर लक्ष ठेवायला रहीमचाचा होते. गंजीत लोखंडी सळई खुपसून ठेवायची, थोड्या वेळाने ओढायची आणि गालाला लावून बघायची — ही त्यांची पद्धत. हाताला इतके घट्टे, की तळव्याला गरम-थंड कळायचंच नाही. थर्मामीटर होता, पण तो कपाटात.

त्या वर्षी बीटी कपाशीवरही गुलाबी बोंडअळी पडली. लोकांनी वैतागून बोंडांसकट हिरवी पऱ्हाटी उपटली आणि आमच्याकडे आणून टाकली. बंदरावरून रोज फोन — कोळशाचं जहाज लांबलंय, माल पाठवा. मी हिरवीच कुट्टी भरायला घेतली.

"बाबू, हिरवी हाय थे. आठ दिवस पसरू दे. काऊन घाई करून राह्यला?"

"चाचा, तिकडे जाऊन जळायचीच आहे ना?"

"जळनच. पण कुठी जळन, मालूम हाय का तुले?"

मी ऐकलं नाही. सगळा माल गेला, यार्ड रिकामं झालं.

चौथ्या दिवशी दुपारी चाचा जेवून कडुनिंबाखाली पडले होते, तोंडावर दुपट्टा घेऊन. मी समोरच ऑफिसात. तासाभराने बंदरावरच्या सुपरवायझरचा फोन आला.

"साहेब, बरं झालं माणूस पाठवलात! आमचे आठ जण तुमच्या ढिगाला टेकून डबे खात होते. त्यांनी सगळ्यांना उठवलं, आणि पाचच मिनिटांत आतून भडका... शेजारी तेलाची टाकी. विझवलं कसंबसं."

"कोण माणूस? मी कुणालाच पाठवलं नाही."

"अहो, पांढऱ्या टोपीवाले म्हातारे. सळई गालाला लावून बघत होते, आमची माणसं हसली आधी. मग ओरडले, 'उठा बे, तापून राह्यली!' आता कुठे दिसत नाहीत."

आधी डोळ्यांसमोर आले ते आठ जण. चाचांचं नंतर ध्यानात आलं. मेहकर-चिखलीपलीकडे ते कधी गेलेले नाहीत.

बाहेर आलो. चाचा उठून बसले होते. उजव्या गालावर बोटभर लांबीचा लाल चट्टा, ताजा. सळई शेडमध्ये खुंटीला होती, हात लावून पाहिला — थंडगार.

"चाचा, गालाला काय झालं?"

"काय मालूम... जळजळ होऊन राह्यली." मग त्यांनी विचारलं, "तिकडची मानसं जेवली का बाबू?"

मी त्यांना फोनबद्दल एक शब्दही सांगितला नव्हता.

डॉक्टर म्हणाले, भाजलंय. कशाने, ते मला आजही सांगता येत नाही. चाचा आता घरीच असतात. थर्मामीटर कपाटातून बाहेर आलाय, रोज वापरतो. तरी ट्रक भरण्याआधी एकदा सळई ओढतो आणि स्वतःच्या गालाला लावून बघतो.