गुणगुण थांबली तर

आमचे भाऊजी कातारी. लेथवर लाकूड फिरवायचं आणि त्यातून पलंगाचे पाय, जिन्याचे कठडे, पोरांचे भोवरे काढायचे. उजवा डोळा त्यांनी या कामाला दिला. चष्मा होता, तरी उडालेली ढलपी काच फोडून आत गेली.

तेव्हापासून माझ्या थोरल्या बहिणीनं, ताईनं, एक नियम घातला. भाऊजी कामाला लागले की ती मागे स्टुलावर बसून गुणगुणायची. काही बिनसलेलं दिसलं की गप्प व्हायची, आणि भाऊजी त्याच क्षणी लाकूड कोरायची पटाशी मागे घ्यायचे. ओरडायचं नाही, ओरडलं की माणूस दचकतो आणि पटाशी लाकडात अडकते.

"मी बोलले तर जन्मात ऐकत नाहीत," ताई म्हणायची, "गप्प बसले की मात्र लगेच ऐकतात."

एका दुपारी मी त्यांच्याकडे गेले तेव्हा लेथवर एक भलतीच डबी चढली होती. पोट पेरूसारखं फुगलेलं, आणि झाकण म्हणजे एका बाजूला कललेली मान. कुणी हाक मारावी आणि वळून पाहावं तशी. अशी मान काढायची तर लाकूड मधोमध न धरता तिरकं धरावं लागतं. मग ते थडथडत फिरतं, त्याभोवती करड्या सावलीचं कडं दिसतं, आणि आतून पोखरलेलं पातळ लाकूड केव्हा दगा देईल, नेम नसतो.

ताईचा घसा बसला होता. सूर धरला की खोकला.

"उद्या करा," ती कुजबुजली.

"उद्यापर्यंत लाकूड वाकेल. मग झाकण बसायचं नाही," भाऊजी म्हणाले. "आणि घरात नाटकातली गाणारीण आलीय की. काय मेहुणीबाई, गाल का आमच्यासाठी?"

ताईनं मला स्टुलावर बसवलं. "जन्मभर टाळ्या घेतल्यास. आज एक डोळा सांभाळ."

भरल्या थिएटरपुढे उभं राहताना मी कधी पद मनात घोकलं नाही. तिथं दोनदा घोकलं.

लेथ सुरू झाला. मी एक जुनं पद धरलं. भाऊजींचा चेहरा, जाड पारदर्शक मुखवट्याआड, त्या फिरत्या मानेपासून वीतभर दूर. श्वासाला थांबले आणि त्यांनी भलताच अर्थ घेतला तर? मी श्वासही चोरून घेत होते.

मग ते करडं कडं एका बाजूनं जाड झालं, झाकण सैल होत होतं. मला दिसलं. स्पष्ट दिसलं. आणि माझा आवाज चालूच राहिला. समोरचा नट वाक्य विसरो, मागचा देखावा कोसळो, गाणं तोडायचं नाही, हे हाडीमाशी खिळलेलं. मनात 'थांब, थांब' आणि ओठांवर तोच सूर.

मागून एक हात आला आणि माझं तोंड घट्ट दाबलं गेलं.

सूर तुटताच भाऊजींनी पटाशी मागे ओढली, अंग बाजूला घेतलं. झाकण फाटकन सुटलं, त्यांच्या कानाजवळून गेलं आणि भिंतीचा गिलावा उडाला.

त्यांनी चाचपडत बटण बंद केलं. मुखवटा काढला. तो एक डोळा आधी ताईकडे वळला, मग माझ्याकडे.

"मेहुणीचं तोंड असंही बंद होतं तर," ते म्हणाले. "इतकी वर्षं सांगायचं नाही का?"

हसलं कुणीच नाही.

ताईचा हात अजून माझ्या तोंडावर होता. बटण बंद झालं तरी लेथ आपल्या ओघात फिरतच होता, आणि डबीचं उरलेलं पोट पुरतं थांबेपर्यंत तिनं माझं तोंड सोडलं नाही.