कंपनीचा काळा दगड

बायकोबरोबर केलेलं शेवटचं काम म्हणजे पिशवीत दगड भरणं. ती पिशवीचं तोंड धरायची, मी सुतळी आवळायचो.

स्वराज्याला आठ-दहा वर्षं झाली असतील. यावलच्या वरच्या डोंगरात मुंबईची एक कंपनी युरेनियम शोधायला आली होती. ते काय असतं, आम्हाला कुणी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. साहेबाची पेटी दगडाजवळ धरली की टकटक करायची. जास्त टकटक झाली की तो दगड चांगला. पुढे त्या डोंगरात काही निघालंही नाही. पण तेव्हा आम्ही दोघं उतारवयात खड्डे खणत होतो, दगड खाली आणत होतो. पोरबाळ नव्हतं. मुकादम म्हणाला होता, या पिशवीतले दगड मुंबईत पास झाले तर तुम्ही कायमचे. मला तेवढंच दिसत होतं.

त्यातला एक काळा, गुळगुळीत दगड तिने उचलला. आमचा वरवंटा चिरला होता. ती धुळ्याकडची, बोलणं शेवटपर्यंत तिकडचंच. म्हणाली, "हाऊ माले र्‍हाऊ द्या. लसूण ठेचाले बेस शे."

"ठेव तो. कंपनीचा आहे."

"बठ्ठा डोंगर कंपनीना शे का?"

"नोकरी जाईल, बाई!" मी ओरडलोच.

तिने दगड पिशवीत टाकला. "मंग नोकरीलेच सांगा भाकर कराले," म्हणाली, हसली आणि चहा ठेवायला उठली. उंबऱ्यापाशीच पडली. दिवस बुडायच्या आत संपलं.

तिचा भाऊ धुळ्याहून यायचा होता, म्हणून सकाळी न्यायचं ठरलं. सरणापाशी मडकं फोडायला दगड लागतो. तोच जीवखडा. गेलेलं माणूस दहा दिवस त्यात आहे असं आम्ही धरतो, मग नदीत सोडतो. भाऊबंद म्हणाले, "आबा, तिथला कोणताही उचला."

तेवढ्यात मुकादम दारात आला. मान खाली घालून म्हणाला, "आबा, वाईट झालं. पण पिशवी द्या, मोटार उभी आहे."

मी सुतळी सोडली, काळा दगड काढला, पुन्हा गाठ मारून पिशवी त्याच्या हातात दिली.

"तो कशाला काढला?"

"तो तिचा आहे."

"नोकरी जाईल, आबा."

"जाऊ दे."

त्याच दगडाने मडकं फोडलं. घरी आणला आणि चिरलेल्या वरवंट्याशेजारी ठेवला.