जिनगोंडाच्या बातमीत नसलेला शब्द

हे मी आजवर कुणालाही सांगितलेले नाही — पत्नीला नाही, रोज सकाळी बरोबर फिरणाऱ्यांनाही नाही. आज तुम्हाला का सांगतो आहे, ते मलाही नीट ठाऊक नाही.

न्यायालयात कारकुनी करून मी निवृत्त झालो. कायद्याची पदवी होती. सनद घेण्याचे धैर्य नव्हते. निवृत्तीनंतर इंग्रजी वृत्तपत्रांच्या संपादकांना पत्रे लिहू लागलो — बहुतेक एकाच विशेषणासाठी. 'अलेज्ड'. म्हणजे आरोप आहे, सिद्ध झालेला नाही. किती बेफिकिरीने वापरतात हा शब्द! पकडलेल्या संशयिताला 'अलेज्ड' चोर म्हणावे, ते योग्यच. पण ज्याचे कुलूप सर्वांदेखत तुटलेले आहे, त्याच्या घरची चोरीही 'अलेज्ड'? मार खाल्लेल्या बाईची जखम 'अलेज्ड', आणि पुढाऱ्याचे आश्वासन मात्र साक्षात सत्य? कधी हा शब्द संपादकाची ढाल, कधी नुसता टोमणा. आणि जिथे एखाद्याची अब्रू केवळ या शब्दावर तगून असते, तिथे नेमका गाळलेला. संताप होई. अजूनही होतो.

जिनगोंडा माझा वर्गमित्र. त्याने सनद घेतली, वकिली केली, आणि — हे कबूल करणे जड जाते — पत्रेही तो माझ्याहून चांगली लिहायचा. त्याचे पत्र वर, चौकटीत; माझे खाली, कापलेले. चहाच्या गाड्यावर अनोळखी माणसे त्याला म्हणत, "वकीलसाहेब, काय हाणलंय हो आज!" मी शेजारीच ग्लास धरून उभा. त्याच पानावर माझेही पत्र होते, हे त्यांना कोण सांगणार?

मग त्याच्याविरुद्ध तक्रार झाली — भलत्याच माणसाला जमीनमालक म्हणून उभे करून दस्त केल्याची. केवळ तक्रार. इंग्रजी वृत्तपत्राने छापले: बनावट दस्त करणारा वकील. नावासकट. 'अलेज्ड' कुठेही नाही.

तो पेपर घेऊन जिनगोंडा माझ्याकडेच आला.

"बापू, ह्या शब्दावरनं तू पेपरवाल्यांची सालटी काढतोस. माझ्यासाठी एक पत्र लिही की. आणि पेपरला बदनामीची नोटीस देऊ का, ते पण सांग. माझं डोकंच चालंना झालंय."

मी बातमी सावकाश वाचली. वाचण्याचे नाटक केले — पहिल्याच ओळीत सगळे दिसले होते.

"न्हाय जिनू, बातमीत चूक काय न्हाय. तक्रार झाली म्हटल्यावर छापणारच की ते. नोटीस दिलीस तर उलट तुझ्याच अंगावर येईल."

"व्हय? तू म्हणतोस म्हंजे तसंच असणार."

तो जिना उतरून गेला. तेव्हा मला काय वाटले असेल? भीती? खंत? नाही — बरे वाटले.

पुढे तक्रार खोटी निघाली. ते कुणी छापले नाही. तोवर पक्षकार दुसऱ्या वकिलांकडे गेले होते. त्याने पाटी उतरवली. आता तो शिरोली एमआयडीसीत मुलाच्या कारखान्यात बसून गेटपास तपासतो. पत्रे लिहीत नाही. चौकटीतली जागा मला मिळाली, आणि मी ती आनंदाने घेतली.

अलीकडे एका लग्नात त्याने व्याह्यांशी माझी ओळख करून दिली. "कायद्याचं काय विचारायचं तर ह्याला विचारा, पावणं. माझ्या वाईट दिवसांत ह्यानंच सरळ सल्ला दिलता."

बातमी सदोष होती. नोटीस टिकली असती. तो माझ्यासमोर बसलेला असतानाच मला हे माहीत होते.

मी व्याह्यांना नमस्कार केला, आणि ती स्तुती ठेवून घेतली.