मेणातला तुकडा

हे आजवर कुणाच्याच कानावर घातलेलं नाही. नातवंडांना माझ्या सगळ्या खोड्या पाठ आहेत — ही एक सोडून. हिला खोडी म्हणता येत नाही, म्हणून.

दहा वर्षांपूर्वीची मी — काय तोरा बाईचा! आमच्या शिरपूरहून अकोल्याला जाणाऱ्या बस तोंडपाठ, दवाखान्यात कोणत्या खिडकीवर काय मिळतं तेही ठाऊक. म्हणून तर माझी नणंद कमल माझ्यावर विसंबली. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. आमच्याच घरी राहायची. छातीतली गाठ काढली होती, तरी कॅन्सर पसरला. डॉक्टर म्हणाले, गाठीचा तुकडा मेणाच्या वडीत जपून ठेवलाय, तो लॅबमधून आणा — जनुकीय तपासणी करू. कोणतं औषध लागू पडेल ते कळेल. आणि आजार घराण्यातून आलाय का, तेही कदाचित कळेल.

मी काय ऐकलं? फक्त शेवटचं. माझ्या पोरीची सोयरीक तेव्हा रिसोडला ठरत आलेली. आत्याच्या रक्तात निघालं, तर भाचीला कोण करून घेईल? — केवढी दूरदृष्टी!

वडी आणली. आणि अंगणात, पाणी तापवायच्या चुलीत टाकली. मेणच ते — लगेच पेटलं. कमल आत बसली होती, जिवंत — आणि तिचा तुकडा मी जाळत होते.

मग सांगितलं, लॅबवाल्यांनी हरवली. रडलेसुद्धा. खरं की खोटं? आता मलाच सांगता येत नाही. तीच मला समजावू लागली, "हरपली त हरपली. तू कायले रडून राह्यली वं वयनी? तुही काय चूक?"

डॉक्टर म्हणाले, पुन्हा तुकडा काढू. कमलनं हात जोडले — "आता सुया नोको, बापा." माझा शब्द ती मोडत नसे. 'एकदा काढू दे' — एवढंच म्हणायचं होतं. तेवढंही मी म्हटलं नाही. नेहमीचं औषध सुरू झालं.

लग्नात तिनं भाचीला हळद लावली. विधवेनं लावू नये म्हणणाऱ्या बायांना मी चारचौघांत दटावलं — मोठेपणा मिरवायला मात्र तोंड उघडलं! दिवाळीच्या आधी कमल गेली.

तपासणीतून काही निघालं असतं का? ठाऊक नाही. ठाऊक होऊ नये म्हणूनच तर जाळलं.

पोरगी आता चौतिशीची आहे, दोन लेकरांची आई. आत्या कशानं गेली ते तिला ठाऊक आहे. काय तपासायचं राहिलं, कुणामुळं राहिलं — ते नाही. आणि हेसुद्धा मी तिच्याआधी तुम्हाला सांगत बसले आहे.