शेजारच्या सात सीटांची दृष्ट

आमच्या गिरगावच्या चाळीत शेजारणीच्या मुलाने परवा सात सीटांची मोठी एसयूव्ही घेतली. जुनीच, पण चकचकीत. मागच्या सीटांवरून तिची नातवंडं भांडत होती. माझ्या पोटात दुखलं. तुम्ही तिघं नातवंडं, तुमचे आईबाबा, आजोबा आणि मी, आपणही बरोबर सातच.

"काकू, चाळीत तुम्हीच मोठ्या, दृष्ट तुम्ही काढा," मुलगा म्हणाला.

मी मीठमोहऱ्या मुठीत घेऊन गाडीवरून उतरवल्या. आल्यागेल्याची, रस्त्यावरची दृष्ट जावो, म्हटलं. मग प्रामाणिकपणे पुढे म्हटलं, "आणि माझीही."

शेजारीण हसली. "अगं, तुझी कसली लागतेय."

मी मात्र मूठ आणखी एकदा उतरवली.