सामानाजवळ कोण बसणार?

फणसवाडीतून अंदमानला जायचा रस्ता दादरवरून जातो. निदान आमचा तरी गेला.

आमच्या घरात सहल ठरवायला सहलीपेक्षा जास्त दिवस लागतात. मी मूळची परळची. लग्न होऊन गिरगावातल्या फणसवाडीत आले तेव्हाच कळलं होतं की या घरातली मे महिन्याची आणि गणपतीची सुट्टी गावाच्या मालकीची आहे. उरली नाताळची. "गोव्याला जाऊ," असं मंदार, म्हणजे माझा नवरा, म्हणाला, तर सासरे एकदम सावध झाले.

"वाटेत गाव लागतं," नाना म्हणाले. "गाव टाळून पुढे गेलो हे गावच्या वहिनीला कळलं तर जन्मात घरात घेणार नाही."

म्हणजे असं ठिकाण हवं होतं, ज्याच्या वाटेत एकही नातेवाईक लागत नाही. शोधता शोधता आम्ही समुद्र ओलांडून अंदमानातल्या एका छोट्या बेटावर पोहोचलो. मंदारने मोबाइलवर खोल्या पाहिल्या, बोटी पाहिल्या, आणि कामं वाटावीत तसं जाहीर केलं, "पाण्यात आपण चौघं. आई बसेल सामानाजवळ."

माझी मुलगी ओवी नाचायला लागली. सासूबाई वाल सोलत होत्या. "बरोबर," त्या म्हणाल्या, "कोणीतरी बसायला हवंच."

यात कोणाला काही खटकलं नाही, कारण हे असंच चालत आलं आहे. चौपाटी आमच्या घरापासून चालत जाण्याइतकी जवळ. तिथे गेलो की सगळ्यांच्या चपला, चष्मे, घड्याळं, आणि नाना पाण्यात शिरणार असतील तर त्यांची कवळीसुद्धा, आईंच्या स्वाधीन. गावाला विसर्जनातही त्या कोरडे टॉवेल घेऊन काठावरच उभ्या.

मग मी आणि आई दादरला पोहण्याचे कपडे घ्यायला गेलो. ओवीला घेतले, मला घेतले, नानांना गुडघ्यापर्यंतची फुलाफुलांची चड्डी घेतली. आई एका निळ्या पोशाखापाशी रेंगाळल्या. लांब बाह्यांचा, घोट्यापर्यंत येणारा, अंगभर. त्यांनी कापड दोन बोटांत धरून पाहिलं.

"हे कोणाच्या मापाचं हो?"

"तुमच्याच, काकी," दुकानातली मुलगी म्हणाली. "घ्या की! आजकाल सगळ्या घेतात."

"छे गं, मी आपली विचारते."

त्यांनी तो जसा होता तसा घडीवर घडी घालून परत ठेवला. नंतर पीयूष पिताना म्हणाल्या, "आमच्या माहेरी घरामागेच खाडी. मी आणि माझी बहीण दुपारभर पाण्यात असायचो. आई काठी घेऊन बोलवायला यायची."

"मग इथे कधी का नाही गेलात?"

"इथे सामान कोण बघणार?"

तक्रारीचा सूर अजिबात नव्हता, आणि त्यामुळेच मला भरून आलं. मी मनाशी ठरवलं, अंदमानात बाकी काही दिसो न दिसो, या बाईला पाण्यात उतरवायचंच. यात माझा स्वार्थही होता. सासूनंतर सामान सुनेकडे येतं, हे कळायला मला कोणी ज्योतिषी लागत नाही. दुसऱ्या दिवशी जाऊन मी तो निळा पोशाख आणला आणि बॅगेत लाडवांच्या डब्याखाली दडवला.

निघायच्या दिवशी बॅग उचलताना मंदारचा खांदा निखळायचा बाकी राहिला. आत लालबागचा मसाला, भाजणी, मेतकूट, आणि दोन नारळ.

"नाना, तिथे माडांशिवाय काही नाही हो!"

"तिथले गोड निघतील कशावरून?" नानांनी विचारलं. नारळ विमानात बसले.

चेन्नईला विमान बदललं, मग पोर्ट ब्लेअर, मग बोट. बोटीत नाना पिशवीत तोंड घालून बसले आणि आई त्यांची पाठ चोळत राहिल्या. पण बेट दिसायला लागलं तशा त्या उठल्या आणि खिडकीशी गेल्या. आधी माडांची रेघ, मग पांढरी वाळू, आणि त्याअलीकडे पाणी. चौपाटीच्या पाण्याला आम्ही जन्मभर समुद्र म्हणत आलो, तेव्हा याला काय म्हणावं ते सुचेना. धक्क्याला लागलो तर तळाची मासळी वरून मोजता येत होती.

"बांगडा नाही दिसत," नाना म्हणाले. म्हणजे आता त्यांना बरं वाटत होतं.

किनाऱ्यावर एक बंगाली बाई टोपली घेऊन बसली होती. "दीदी, डाब खाएगा?" डाब म्हणजे शहाळं, आणि तिच्या भाषेत पाणीसुद्धा 'खातात'. नानांनी एक संपवलं, दुसरं मागवलं. आपले नारळ बॅगेतच राहिले.

मग ठरल्याप्रमाणे झालं. मंदारने चादर अंथरली, सगळ्यांनी चपला काढल्या, आणि कवळीची डबी आईंच्या हातात गेली. मी हळूच निळा पोशाख काढून त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी ओळखला. चेहरा क्षणभर असा उजळला की मला वाटलं, जिंकले.

"वेडी आहेस का? या वयात? लोक काय म्हणतील?"

"आई, इथे फणसवाडीतलं कोण येणार आहे?"

हे माझ्या तोंडून निघायला आणि मागून "काय हो, मुंबईचे का?" यायला एकच गाठ पडली. दादरच्या एक काकू. मागोमाग त्यांचे यजमान, दोन सुना, आणि आमच्यासारखीच फुगलेली पिशवी. जगाच्या पाठीवर कुठेही जा, खाकरा उघडणारं मराठी कुटुंब भेटतंच. आईंनी पोशाख पदराखाली सरकवला. काकू शेजारीच बसल्या आणि बोलता बोलता त्यांच्या सुनांच्याही चपला आमच्या चादरीवर आल्या. दोघी सासवा संध्याकाळपर्यंत त्या ढिगाची राखण करत होत्या. मला इतका राग आला की मी पाण्यात गेलेच नाही.

त्या बाजूला सूर्य फार लवकर उगवतो. आपल्याकडे दूधवालासुद्धा आलेला नसतो, तेव्हा तिथे लख्ख उजाडलेलं असतं. दुसऱ्या दिवशी मला कोणीतरी हलवलं. आई उभ्या होत्या. अंगावर निळा पोशाख, वरून ओढणी.

"चल. कोणी नाही आत्ता."

भरती होती. त्यांनी चपला काढल्या, मंगळसूत्र चाचपलं, ओढणी माझ्याकडे दिली. "बस हं इथेच," मला बजावलं. पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं. मी "पुरे, आई!" म्हणायला तोंड उघडलं आणि त्या पुढे झुकल्या. हात लांब, पाय मागे, आवाज न करता. थोडं अंतर गेल्यावर उताण्या झाल्या आणि आभाळाकडे बघत पडून राहिल्या.

"आई! तुम्हाला पोहता येतं?"

"माका पेवाक येता गो!" (मला पोहता येतं गं!) त्या ओरडल्या. इतक्या वर्षांत घरात त्यांचा इतका मोठा आवाज मी ऐकला नव्हता, आणि मालवणीही फक्त माहेरच्या फोनवर. मी त्यांच्या चपला मांडीवर घेऊन रडत बसले.

एवढ्यात दादरच्या काकू फिरायला आल्या. पाण्यातल्या आईंकडे बघत त्या बराच वेळ उभ्या राहिल्या. मग चष्मा काढला.

"जरा हे धराल?"

आणि साडीसकट पाण्यात. कमरेपेक्षा पुढे नाही गेल्या, पण हसण्याचा आवाज खोल्यांपर्यंत पोहोचला. नाना, मंदार, ओवी धावत आले तेव्हा दोघी एकमेकींवर पाणी उडवत होत्या. नाना माझ्याशेजारी येऊन थांबले. "हिला येतं?" त्यांनी मला विचारलं, जणू आईंना मी त्यांच्याही आधीपासून ओळखत होते.

परत आलो. नारळही परत आले, त्यांची सोलकढी झाली. माणसं सहलीहून फोटो आणतात, शिंपले आणतात. तिथून शिंपले आणायला बंदी आहे, आणि फोटोंत पाण्यातल्या आई कुठेच नाहीत, कारण तेव्हा माझे हात भरलेले होते. मला वाटलं होतं, घरी आल्यावर सगळं पहिल्यासारखं होईल. सुट्टीतलं शहाणपण सुट्टीपुरतंच असतं.

रविवारी संध्याकाळी ठाकूरद्वारावरून चालत चौपाटीवर गेलो. नानांनी सवयीने चपला काढून आईंसमोर ठेवल्या. आम्हीही ठेवल्या. आईंनी आपल्या काढून त्या ढिगावर ठेवल्या आणि म्हणाल्या, "आज तुम्ही बसा."

नाना बसले. आई साडी वर खोचून, ओवीचा आणि माझा हात धरून घोटाभर पाण्यात उभ्या राहिल्या. पाणी गढूळच होतं, पण त्यांची काही तक्रार नव्हती. थोड्या वेळाने एक लाट जरा जास्तच वर चढली. नाना धडपडत उठले, दोन्ही हातांनी चपला गोळा करायला लागले आणि मध्येच थांबले.

"अगं," त्यांनी हाक मारली, "यातली तुझी कोणती?"

आईंनी वळूनही पाहिलं नाही.

"आधी सगळ्यांच्या उचला," त्या म्हणाल्या. "मग उरेल ती माझी."