वेलांटीकाका आणि दोन पडद्यांचा फोन

छापखान्यातल्या लोकांनी त्यांचं नाव वेलांटीकाका पाडलं, तेव्हा ते जेमतेम तिशीचे होते. चुकलेल्या एका वेलांटीपायी त्यांनी मालकांच्याच लेकीची लग्नपत्रिका छपाईवरून उतरवली होती. मालक आधी तडकले, मग हसले, आणि नाव कायमचं चिकटलं.

त्या काळी प्रूफं तपासायला दोन माणसं लागत. एकानं हस्तलिखित मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं छापील कागदावर डोळा ठेवायचा. काकांना वाचून दाखवायला एक मुलगी कामाला लागली. यंत्रांच्या खडखडाटावर आवाज चढवून ती विरामचिन्हांसकट वाचायची, "तो घरी आला स्वल्पविराम पण बोलला नाही पूर्णविराम." दोन वर्षांनी एका दुपारी काकांनी धीर करून विचारलं, "माझ्याशी लग्न कराल का?"

हातातल्या कागदावरची नजर न काढता ती म्हणाली, "प्रश्नचिन्ह म्हणायचं राहिलं तुमचं."

नेमकी तेव्हाच यंत्रं थांबलेली. सगळ्या छापखान्यानं ते ऐकलं.

पुढे छापखाना बंद पडला, काम घरी आलं. खिडकीजवळच्या टेबलाशी काकू वाचत राहिल्या, काका खुणा करत राहिले. लेक त्याच आवाजावर झोपली, वाढली, नोकरीला लागली. मग काकूंचा घसा बसू लागला. डॉक्टरांनी बजावलं, बोलणं कमी करा.

लेकीनं आपला फोन आणून टेबलावर ठेवला. वहीसारखा उघडणारा, दोन पडद्यांचा.

"बाबा, डावीकडे मूळ मजकूर, उजवीकडे प्रूफ. आईला त्रास नको."

"आणि तुला?"

"मी हौसेनं घेतला हो. पण दिवसभर एकच पडदा वापरते. दुसरा नुसता सोबतीला. मला साधा फोन पुरे."

घराबाहेर त्या फोननं काकांच्या नाकी नऊ आणले. खिशात टाकला की सदरा एका अंगाला ओघळायचा. भाजी घेताना एका हातात पिशवी, आणि फोन उघडायला हवेत दोन हात. कुणाचा फोन आला की कोणती बाजू कानाला लावायची, इथपासून तयारी. टेबलावर मात्र त्यानं कमाल केली. बारीक अक्षर बोटांनी मोठं होई, मान वळवावी लागत नसे. तीन दिवसांचं काम दीड दिवसात उरकू लागलं.

घर मात्र गप्प झालं. काकू सवयीनं टेबलाशी येऊन बसत, थोडा वेळ काकांकडे बघत, आणि उगाचच आवरलेलं कपाट पुन्हा आवरायला जात. काकांना ते दिसत होतं.

आठवड्याभरानं एका कादंबरीतल्या ओळीवर ते अडले. दोन्ही पडद्यांवर अक्षर न् अक्षर सारखं, तरी काहीतरी खटकत होतं.

"अगं, एवढी ओळ जरा वाचतेस? हळूच."

काकूंनी फोन हातात घेतला आणि बसक्या आवाजात वाचलं, "कुणाचाही निरोप घेता तो निघाला पूर्णविराम." त्या थांबल्या. "अहो, 'न' कुठाय? निरोप न घेता!"

लेखकाच्या मूळ मजकुरातच 'न' राहून गेला होता. दोन्ही पडदे इमानदारीनं एकच चूक दाखवत होते. काका इतके हसले, की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. ते पुसणं जरा लांबलंच.

रविवारी लेकीनं विचारलं, "मग, चालतोय का फोन?"

"माझ्यासारख्या दोन कागदांत डोकं घालून बसणाऱ्याला चालतो. बाकी चारचौघांना एक पडदा पुरे, उगाच ओझं कशाला? मला फिरायला माझा जुनाच बरा. हा टेबलावर राहू दे."

तेव्हापासून रोज सकाळी काकू दोनच पानं वाचतात, हळू आवाजात, मध्ये कोमट पाणी पीत. ती कादंबरी काकांनी अशीच, दोन-दोन पानं ऐकत तपासली; बाकीची कामं मात्र फोनवर. त्यामुळे तिला ठरल्यापेक्षा महिनाभर जास्त लागला. काकांनी लेखकाला तसं आधीच कळवलं होतं, आणि त्यानंही घाई केली नाही.